काजबटण

किसुमूत, न्यालेंडाच्या चढावर
अपोंडी शिवणयंत्र घेऊन बसते. समोर माझा कोळसा.
ठाण्याचे गणवेश सगळे तिच्याकडे यायचे.
पोट सुटलं की शिवण उसवून द्यायची,
बढती मिळाली की दंडावर पट्टी,
आणि बटणं. बटणं तर रोजचीच.
चार वेढे, वर एक उलटी गाठ,
तिच्या आईची. दुसरं कुणी तशी मारत नाही.

तेव्हा कोंबडी हरवली तरी
लोक वर्दी द्यायला जायचे.

मग दिवे गेले त्या गुरुवारी
ओबुयाला अडवलं. सतराचा, मोटरसायकलवर भाडी मारायचा.
पन्नास शिलिंग नव्हते त्याच्याकडे
की द्यायचे नव्हते, आता कोण सांगणार.
सकाळी मासळी वाळवायच्या जाळ्यांपाशी सापडला.
ठाण्यानं सांगितलं, रात्री आमचं कुणी
तिकडं फिरकलंच नाही.

अंघोळ घालताना बायकांनी मूठ सोडवली,
एकेक बोट.
आत बटण, कापडाच्या चिंधीसकट.
अपोंडीनं ते उजेडात नेलं नाही,
अंगठ्यानंच चाचपलं.
चार वेढे.

पुरावा आहे, द्यायला हवा, पाद्री म्हणाला.
कुणाला? म्हातारा ओगुतू म्हणाला,
आणि बैठक उठली.

त्यानंतर दोन दुकानं फुटली.
लोकांनी पातेली बडवली, फोन कुणी केला नाही.
भिंतीवर रंगवलेला ठाण्याचा नंबर
उन्हानं खाऊन टाकलाय, शेवटचे दोन आकडे तेवढे उरलेत.
चुकलेलं पोर सापडलं तर चर्चमध्ये नेतात,
गुत्त्यात नेतात एक वेळ.
आणि चोर-पोलीस खेळताना
पोलीस कोण व्हायचं यावरून मारामारी होते हल्ली.
सगळ्यांना काठी हवी.
मला विचाराल तर हेच जास्त लागलं मला.

परवा कॉर्पोरल मुतिसो आला.
शर्ट हातावर, बोलणं मवाळ, आई म्हणाला तिला.
छातीवरचं दुसरं काज होतं,
समोर बटण नव्हतं.
अपोंडीनं डबा उघडला.
त्यात एकाच जातीची चाळीसेक बटणं,
आणि ते एक.
तिची बोटं बराच वेळ आत फिरत राहिली.
मी तराजू खाली ठेवला.

मग तिनं डबा मिटला.
आज सुई नाही, म्हणाली.

सुई तिच्या ओठांत होती.
त्यालाही दिसत होती.