चटका बसायच्या आत

वृषाली कॉलेज रोडला कॉफी करते.
दिवसाला नव्वद कप. दुधावर पान काढते,
गिऱ्हाईक पानाचा फोटो काढतं, तोवर कॉफी गार होते.
रात्री साडेअकराला सिडकोत परतते,
जाकिटाला तापल्या दुधाचा वास,
आणि म्हणते, पप्पा, पाणी द्या.

तिला कुणी करून देतं का कॉफी?
विचारलं नव्हतं कधी.

म्हणून जानेवारीत, निफाडचा पारा पाचावर असताना,
पाथर्डी फाट्याच्या गोठ्यावरून म्हशीचं दूध आणलं.
कॉफी-साखर चमचाभर पाण्यात घोटली
दंड भरून येईस्तोवर, रंग गव्हाळ होईस्तोवर.
फेसासाठी रवी घेतली.
रवी कालच्या ताकातली.
दूध फाटलं.
तिची आई म्हणाली, पनीर छान झालंय.

दुसऱ्या दिवशी साय मध्ये आली,
तिसऱ्या दिवशी सगळं ओट्यावर.
वृषाली हसत उठली:
"उकळायचं नसतं हो, गोडी जाते.
पातेल्याला तळवा लावा,
चटका बसायच्या आत गॅस बंद."

मी तळवा लावला.
लावूनच ठेवला.
दूध कडेनं वर आलं
तरी मला काही कळेना.

अंबडला एकतीस वर्षं लेथवर.
तापलेली चिप हातानंच झटकायची सवय.
कातडी कधी गेली आणि तिच्या जागी
हे काय आलं, नोंद नाही.
केसाएवढी चूक पकडणारा हात
दुधापुढे बहिरा.

ती बोलली नाही काही.
माझा हात उलटा केला,
चमच्यातले दोन थेंब मनगटावर सोडले,
आतल्या बाजूला, शिरा निळ्या दिसतात तिथं.
तिथं मी अजून कोवळा आहे
हे मला ठाऊक नव्हतं.
नाही, ठाऊक होतं.
तिची आई हॉस्पिटलात रात्रपाळीला असायची,
तेव्हा बाटलीतलं दूध
इथंच तर बघायचो.

आता असंच करतो.
थेंब. थांब. बंद.
साय गाळून दूध बरणीत, झाकण घट्ट, आणि हलवत राहायचं.
शेजारचे पगारे विचारतात,
रात्री बाराला काय वाजतं तुमच्याकडे?
कपात घोटलेली कॉफी, दूध आधी उंचावरून,
मग अगदी जवळून, फेसासकट.
जायफळ नखाच्या टोकाएवढं.
पान जमत नाही. परवा जे उमटलं
ते षट्कोनी नट म्हणून खपलं असतं.

तिनं फोटो काढला नाही.
दोन्ही हातांनी कप धरला, प्यायली,
ओठावर फेसाची मिशी.
म्हणाली, साखर कमी आहे.
मी डबा पुढे सरकवला.