नमुना क्रमांक एकेचाळीस

अठ्ठावीस वर्षं मी या शहराचं पाणी चाखते आहे.
चाखते म्हणजे कागदावर:
गढूळपणा, क्षार, जडपणा, उरलेला क्लोरीन,
खाली सही, शिक्का, वेळ.
'चव' या रकान्यात कायम एकच शेरा,
आक्षेपार्ह नाही.

मग बंगळुरूला तीन दिवसांचं प्रशिक्षण.
शेवटच्या संध्याकाळी सगळे निघाले म्हणून मीही गेले
आणि माझ्यापुढे आला गव्हाच्या बिअरचा ग्लास,
धुकट, केळ्याचा आणि लवंगेचा वास घेऊन.
आत केळं नव्हतं. लवंगही नव्हती.
मग वास कुणाचा?
यीस्टचा, मॅडम, वेटर म्हणाला.
जंतू मारायचा पगार घेणारी मी,
सत्तेचाळिसाव्या वर्षी
त्यांच्या एका चुलतभावाच्या प्रेमात पडले.

परत आल्यावर आधी आजन्म परवाना काढला.
सरकारी नोकरी, कागद हवा.
ऑफिसचं जुनं रजिस्टर उलटं केलं,
मागच्या पानावर लिहिलं, नमुना एक.

जाऊबाई म्हणाल्या, नाशकात राहून बिअर?
निदान वाईन तरी प्यायचीस,
गावाचं नाव राहिलं असतं.

फिरोज कोकणी आमच्याच लॅबमधला.
पीत नाही. गाडी त्याची, नाकही त्याचंच.
पिण्याला मनाई आहे, म्हणतो,
हुंगण्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही.
पुणे, कोल्हापूर, गोव्यातली ती कोकमाची आंबट,
जिथे टाकीवर मांजर झोपलं होतं.
सगळीकडे लोक हॉप्सबद्दल भरभरून बोलतात,
जर्मनीचे, न्यूझीलंडचे, कुठल्या डोंगरउताराचे.
मी विचारते, पाणी कुठलं?
तेव्हा जरा थांबतात.
नळाचं, म्हणतात.

चाळिसावा नमुना घरचाच. आनंदवलीच्या पुढे,
शार्दूल पिंगळेची चार टाक्यांची ब्रुअरी.
पेठची नागली भाजून टाकतो,
वडिलांची मखमलाबादला द्राक्षबाग, ते बोलत नाहीत त्याच्याशी.
पहिला घोट: भाकरीची करपलेली कड,
गूळ, थोडा धूर,
आणि मागून एकदम दवाखाना.
जखमेवरची पट्टी काढताना येतो तो वास.
फिरोजने ग्लास हुंगून खाली ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलं.

नागलीच नडतेय, शार्दूल म्हणाला,
दोनदा यीस्ट बदललं, पाचशे लिटर गटारात ओतलं,
बाबा म्हणालेच होते.
मी विचारलं, कधी उकळलीस ही?
बारा जुलै.

बारा जुलै.
धरणातून चहासारखं पाणी येत होतं त्या आठवड्यात,
बारा बंगल्यावर फोनवर फोन,
आणि मात्रा वाढवा असं लिहून
खाली सही केली होती
मी.

त्याला सांगितलं. सांगणं भाग होतं.
नागलीचा दोष नाही रे, क्लोरीनचा आहे.
उकळण्याआधी पाण्यात चिमूटभर मेटाबायसल्फाइट टाक,
वायनरीवाले वापरतात तीच पावडर.
तो हसायला लागला.
बाबांच्या गोदामात डबा असेल, म्हणाला,
पण मागायचा कसा?
ते मला माहीत नव्हतं.
माझं क्षेत्र पाणी.

ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला. या.
डबा कुणी आणला, ते विचारलं नाही.
टाकीशेजारी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची ओढून बसले होते,
पायात बागेतल्या चिखलाच्या चपला,
हातात रिकामा ग्लास, चेहरा अजून रुसलेला.
फिरोजने बराच वेळ नाक ग्लासात ठेवलं.
दवाखाना बंद झाला, म्हणाला.
मी लिहिलं, नमुना एकेचाळीस,
आणि पुढे पान भरेपर्यंत लिहीत राहिले.

सोमवारी कामावर, तोच तक्ता.
'चव'पाशी पेन अडलं.
उठून नळाखाली ग्लास धरला, प्यायले.
ओला दगड. किंचित लोखंड.
मागून आमचा क्लोरीन, बेताचा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
कळलं की याला चव आहे.

आक्षेपार्ह नाही, असंच लिहिलं.
रकाना लहान आहे.