एक्स म्हणजे श

'शेल्डे कोकम' गेलेलं होतं.
'गोवा आगळ' तर कधीच.
नुसतं 'भिरंड' कुणीतरी अडवून ठेवलेलं,
विकायला काढलं होतं सव्वादोन लाखांना.
म्हटलं, अगं, एवढ्यात तर आमच्या कुळागराला
पाच वर्षं पाणी शिंपून होईल.
ऋत्वी म्हणाली, आत्ये, त्याला फळ विकायचंच नाही,
फळाचं नाव विकायचंय.

सोप्यावर बसलो होतो दोघी, आत रेंज येत नाही.
माझे हात मनगटापर्यंत लाल,
लॅपटॉपला तिने बोटही लावू दिलं नाही.
मी नाव सुचवायचं, तिने टाकायचं,
पडद्याने म्हणायचं: उपलब्ध नाही.
स्थळं बघायला बसल्यासारखं चाललं होतं.
हे फार लांब. त्यात 'एल' एक की दोन, कोण सांगणार.
मधे आडवी रेघ नको, फोनवर सांगताना माणसं गळाठतात.
एक डॉट-काहीतरी होतं एकोणपन्नास रुपयांत,
ते नको, म्हणाली, तिथून गेलेली पत्रं थेट कचऱ्यात पडतात.

डॉट इन बरं. पहिलं वर्ष एकशे एकोणपन्नास.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: पुढे दरवर्षी आठशे नव्व्याण्णव.
म्हणजे आपलं होतच नाही का कधी?
नाही आत्ये, भाड्यानेच असतं. सगळ्यांचंच.

मी जरा गप्प झाले.
आम्ही मुंडकार. भाटकाराच्या जमिनीत
आजोबांनी माती तुडवून या भिंती घातल्या
आणि दर मे महिन्यात त्याच्या अंगणात नारळ उतरवून
आणखी एका वर्षाचे होऊन परत आले.
घर आमच्या नावावर लागलं त्या दिवशी
आईने उंबऱ्याला हळद लावली होती,
सुटलो, म्हणाली होती.

'एल' एक की दोन ते बघायला
बाबांची पत्र्याची पेटी उघडली.
रेशनकार्डावर गावाचं नाव पुसलेलं,
बाबांचं मात्र ठसठशीत: शाबा,
एक्सने लिहिलेला.
पोर्तुगीज जाऊन वीस वर्षं झाली होती,
कारकुनाच्या हाताचं वळण गेलं नव्हतं.

मी सात-आठ वर्षांची, बाबांचं बोट धरून रांगेत.
दुकानावर नवा पोरगा, बेळगावकडचा.
एक्साबा!
बाबा ढिम्म.
अहो, एक्साबा कोण आहे?
रांग हसली.
तें म्हजें नांव न्हय, बाबा म्हणाले,
आणि रॉकेलचा डबा वाजवत आम्ही घरी आलो.
आठवडाभर लवकर जेवलो, उजेड असेपर्यंत.

ऋत्वीने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं,
आणि मला न विचारताच टाकलं:
शाबा आगळ, सलग, एक्सने.
हिरवी खूण.
एस-एचवाला शाबा कुणाचा तरी झाला होता केव्हाच.
हा तेवढा उरलेला,
कुणाला नको असलेला.

बाबा असते तर, मी म्हणाले, आणि पुढचं बोलले नाही.
ती पैसे भरायच्या पानावर पोचली होती.
तिथे आधीच खुणा करून ठेवलेल्या:
ईमेल हवं, संरक्षण हवं, तीन वर्षं हवीत.
तांदळातले खडे वेचावेत तशा एकेक काढून टाकल्या.
ओटीपी सोप्यावरही येईना,
फोन घेऊन फणसाखाली धावले,
सहा आकडे तिथून ओरडून सांगितले,
शेजारच्या पिएदादने विचारलं, लॉटरी लागली काय गे?

पुढच्या वर्षीची तारीख लिहायला
पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नव्हतं.
आगळाच्या बरणीच्या झाकणावर खडूने लिहिली,
पुसली, मग कपाटाच्या आतल्या बाजूला लिहिली.

आता पुण्याहून, नाशकाहून फोन येतात.
एक्साबा आगळ का?
सुरुवातीला सांगायचे: शाबा. आमच्याकडे एक्स म्हणजे श.
काही जण विचारतात, का बरं?
काहींना फक्त दोन बाटल्या हव्या असतात.
हल्ली हात भिरंडांत असले
की नुसतीच ओ देते.