वडगाव

तीन वर्षं मी संचालकांसमोर
एकच आलेख घेऊन उभी राहिले.
निळा खांब, लाल खांब, खाली बारीक अक्षरांत
‘ग्राहकांच्या एकोणीस टक्के नोंदी सदोष’.
भोसरीतल्या त्या वरच्या खोलीत
एसी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.
‘डेटा’ म्हटलं की जोगळेकर मोबाइल पालथा ठेवायचे,
ऐकतोय असं दाखवायला,
आणि शेवटी, "छान. पुढच्या तिमाहीत बघू."

यंदा आलेख नेला नाही.
इस्माईल बागवानची डिलिव्हरीची वही नेली,
डिझेलचा वास असलेली,
कोपऱ्यावर चहाचं गोल वर्तुळ.

म्हटलं, पाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट.
सकाळी सातला सुनंदा गराडेंचा फोन:
शीतघराचा कॉम्प्रेसर बसलाय,
आत तीनशे किलो चक्का आहे,
उद्या कितीतरी घरांच्या ताटांत
त्याचं श्रीखंड पडायचंय.
व्हॉल्व्ह आपल्याकडे होता. तिसऱ्या रांगेत, दुसऱ्या फळीवर.
साडेसातला इस्माईल निघालासुद्धा.
चिठ्ठीवर गाव: वडगाव.
पिनकोड: शून्य, शून्य, शून्य,
शून्य, शून्य, शून्य.

इथे मी थांबले.
खोलीत प्रत्येकाचं आपापलं वडगाव होतं.
कुणाची बहीण शेरीला, कुणाचा फ्लॅट बुद्रुकला.
"मग गेला कुठं?" खुद्द जोगळेकरांनी विचारलं.

आधी शेरीला.
तिथल्या वॉचमननं गराडे डेअरीऐवजी
गराडे डेंटल दाखवलं.
मग बुद्रुकला, अख्खं शहर ओलांडून,
कारण आपल्या यादीत त्या तीन आहेत:
एक सुनंदा, एक सुनन्दा, एक एस. गराडे,
आणि एकीपुढे कुणीतरी बुद्रुक लिहिलेलं.
चिठ्ठीवरचा नंबर वारलेल्या सासऱ्यांचा,
तो आता चिंचवडच्या एका पोराकडे असतो.
पोरगा म्हणाला, काका, रोज एकजण दूध मागतो.

(कुणीतरी हसलं. मी हसू दिलं.)

मावळातलं वडगाव सापडलं सव्वातीनला.
चैत्राचं ऊन. दारातूनच आंबूस वास.
बाईंनी आरडाओरडा केला नाही.
इस्माईलला पाणी दिलं, वहीत सही केली,
सहीपुढे लिहिलं:
माल मिळाला. उशिरा.

वही टेबलावरून फिरली.
जोगळेकरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला
आणि ते दोन शब्द बराच वेळ वाचले.

मग विक्रीचे हुल्याळकर म्हणाले,
"पण ती शून्यं टाकली कुणी?"

सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती.
"टाकली तुमच्या माणसांनी," म्हटलं,
"चालतील असं मी म्हटलं होतं.
नोंद एका मिनिटात व्हायला हवी होती तुम्हाला,
मला भांडण नको होतं."
एसी पुन्हा ऐकू यायला लागला.

पाच माणसं मागितली होती, वर्षभरासाठी.
दोन मिळाली. सहा महिने.

संध्याकाळी सर्व्हिसचा कागद काढला
तर तिथे चक्का दोनशे चाळीस किलो.
तीनशे कुठून आले?
इस्माईल म्हणाला होता, की मीच सांगता सांगता
साठ किलो विरजलं?
जोगळेकरांना दुरुस्ती कळवली.
त्यांचं उत्तर एका ओळीचं:
"राहू द्या हो, गोष्ट छान बसलीय."
मी इतिवृत्तात आकडा बदलला.

दुसऱ्या दिवशी पहिली फाइल उघडली.
सुनंदा, सुनन्दा, एस.
फोन लावला, या वेळी त्यांच्याच नंबरवर.
आपला पिनकोड सांगता का?
"आता कशाला? घर सापडलं ना तुमच्या माणसाला?"
मी गप्प.
मागे कॅनची झाकणं आदळत होती.
"बरं, घ्या लिहून," त्या म्हणाल्या,
"चार. एक. दोन…
थांबा, भिंतीवर बघून सांगते,
चुकायला नको."