न म्हणायचं अक्षर

पारोळ्याच्या बायपासला नवं हॉटेल झालं,
त्याची पाटी माझ्याकडे आली.
अक्षराला साठ रुपये, जोडाक्षराला नव्वद,
काना-मात्रेचे मी घेत नाही,
वडीलही घ्यायचे नाहीत.

शेवभाजी रंगवून झाली, फौजदारी दाळ झाली,
तेव्हा आचाऱ्याने चिठ्ठी पुढे केली.
निंबा बोरसेचा मयूर, पाच वर्षं जहाजावर होता.
काका, खाली हे लिहा : तालियातेल्ले.
चिठ्ठी इंग्रजीत. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो.
मधे ग आहे रे.
आहे, पण म्हणायचा नाही.
मग लिहायचा?
ते लोक लिहितात. आपण सोडून द्या.

साठ रुपये गेले. नुसते पैशाचं नव्हतं,
चाळीस वर्षांत
मी कुणाचं अक्षर खाल्लं नाही.

अर्थ विचारला. एवढं लांबलचक नाव,
वाटलं एखादी राणी असेल, नाहीतर नदी.
तो हसला. पीठ लाटायचं, पट्ट्या पाडायच्या.
अर्थ एवढाच, की कापलेल्या.
म्हणजे कापेल, मी म्हटलं.
हां काका, कापेल.
मग तेच लिहू ना, तीन अक्षरांत काम होईल.
अन् कापेलचे दोनशे ऐंशी कोण देईल?

पाटी वाळत ठेवून घरी आलो.
वरण रटरटत होतं, लसणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत.
अनसूया पोळपाटावर वाकलेली,
कातण्याने पट्ट्या पाडत होती, बोटभर रुंद,
एखादी वाकडी.
हे काय, मी विचारलं.
तिने वर पाहिलं. तेहेतीस वर्षांत
कुणी विचारलं नव्हतं.
वरणफळं, म्हणाली. मग थांबून,
सिन्नरला आम्ही चकोल्या म्हणायचो.

सिन्नरला.
तिथे तिला गं म्हणायचे,
ये गं, बस गं, अनू गं.
इकडे आली आणि सगळ्यांचं वं सुरू झालं,
सासूचं वं, नणंदेचं वं,
माझं तर नुसतंच, ऐकलं का.
तो ग कुणी खोडला नव्हता.
म्हणायचा राहिला.

ताटावर बसलो.
वाढ गं, म्हटलं.
शब्द ओला होता,
पहिल्या हाताचा रंग असतो तसा,
बोट लावलं तर पुसला जाईल.

ती लगेच काही बोलली नाही.
मग म्हणाली, आधी हात धुवा,
पिवळा लागलाय.
आणि वाढताना पळी
दोनदा बुडवली.