फिफ्टीन की फिफ्टी

रात्रीचे पावणेतीन. विडी घरकुलातली आमची गल्ली
पंख्याच्या आवाजावर झोपलेली.
माझ्या कानात ओहायोचा डॉक्टर. काहीतरी चघळतोय,
बहुतेक सफरचंद, आणि सांगतोय गोळीचा डोस:
फिफ्टीन मिलिग्रॅम.
की फिफ्टी?

पाय पेडलवर. तीन सेकंद मागे.
कचकन दात. फिफ्टी...
मागे.
शेवटी 'न' असलाच तर तो सफरचंदात गेला.
मागे.
पैसे ओळीचे मिळतात.
ही ओळ अकरा वेळा ऐकली, तरी एकच.

आजोबांच्या मागालाही पायाखाली पावडी होती म्हणे.
ते दाबायचे, कापड पुढे सरकायचं.
मी दाबते तसा माणूस मागे जातो,
टाक्यांतून सुटून ऑपरेशनच्या टेबलावर,
टेबलावरून जिन्याच्या त्या पायरीवर
जिथे तो अजून पडलेला नाही.
तिथे मी जरा थांबते. काम वाढतं.

अशोक चौकात, चादरींच्या दुकानावर, पत्र्याखालच्या क्लासात
गड्डम मॅडम बजावायच्या, अंदाज बांधायचा नाही.
कळलं नाही तर रेघ ओढा, जागा रिकामी सोडा.
रेघेनं मार्क जातात, अंदाजानं माणूस जातो बे.
मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
आणि आम्ही घाम पुसत पाठ करतोय
बर्फावर घसरून मोडलेल्या हाडांची नावं.

आता सॉफ्टवेअर आधीच सगळं टाइप करून ठेवतं.
आम्ही नुसतं तपासायचं, म्हणून दर निम्मा.
परवा त्यानं एका आजीबाईंना प्रोस्टेट दिलं,
स्पेलिंग अगदी बिनचूक.

तिकडचे डॉक्टर लिहितात, पेशंट डिनाइज पेन.
पहिल्या वर्षी हसू यायचं. दुखणं नाकारतो म्हणजे?
कुणी पंगतीत वाढत होतं का, नको म्हणायला?
मग एकदा आईकडे नीट बघितलं.
मांडीवर सूप, सुपात पानं, दोरा दातात,
उन्हाच्या पट्ट्यात तंबाखूची धूळ तरंगतेय.
खोकली. पदरानं तोंड पुसलं.
काय होतंय गं?
कुठं काय.
पेशंट डिनाइज कफ.

तिच्या हजारातल्या साठ-सत्तर विड्या कारखान्यात छाट होतात,
माझ्या रेघा क्यूएवाला छाटतो.
महिनाअखेरीला ती विचारते, नीकु एंत?
मी बोटं दाखवते. ती तिची दाखवते.
कधी ती जिंकते.

दुपारी मी कोडिंगही करते. तिथला नियम साधा:
जे लिहिलं नाही, ते झालंच नाही.
कासव चावल्याचा कोड आहे, दुसऱ्यांदा चावल्याचाही.
एच त्र्याऐंशी पॉइंट तीन, एक्स, तीन :
आतल्या कानावर आवाजाचा परिणाम, दोन्ही बाजू.
हा मला न बघता येतो.
नायनांनी एकतीस वर्षं पॉवरलूम चालवले.
हाक मारली की आधी माझ्या ओठांकडे बघतात.
एका रिकाम्या रात्री कोऱ्या पानावर टाइप केलं
चंद्रय्या, वय चौसष्ट, आणि पुढे तो कोड.
मग सेव्ह न करता बंद केलं.
कुणाला पाठवणार? बिल कुणाच्या नावे?

चार वाजून दहा.
डॉक्टरच्या आवाजामागे सूंऽऽ असं काहीतरी.
टेप खराब असेल. मागे. पुढे. मागे.
नाही, हे इकडचं आहे.
नळ!
पाचव्या दिवसाचं पाणी हवा ओकत येतंय,
आई गाढ झोपलेली, नायनांना कळणार नाही.
हेडफोन गळ्यात तसाच लोंबतोय, मी धावते,
घागरी, बॅरल, मोटरचं बटण,
शेजारच्या यल्लव्वाच्या दारावर दोन थापा.

परत येते तर कर्सर तिथेच उघडझाप करतोय.
एकदा शेवटचं ऐकते.
सफरचंद संपलेलं नाही.
ओल्या बोटांनी पाच वेळा रेघ दाबते,
मिलिग्रॅम, फुलस्टॉप.
कीबोर्डवर पाणी पडलंय, ओढणीनं टिपते.