वारगेट

सोळा वर्षं मी थांब्यांची नावं ओरडतोय.
दांडेकर पूल, पानमळा, विठ्ठलवाडी, हिंगणे,
माणिकबाग, वडगाव, धायरी फाटा.
मागच्या दारातल्या शेवटच्या माणसापर्यंत
आवाज पोचवायचा, हीच माझी भाकरी.

आणि घरात सुयश.
खाटेवर उशा मांडून गाडी करायचा,
माझी जुनी पिशवी गळ्यात, गुडघ्यापर्यंत लोंबणारी.
"वारगेट, वारगेट! उट्टे द्या, उट्टे!"
आम्ही हसायचो. शेजारचे घुलेही हसायचे.
स कुठे सांडतोय
हे कुणी शोधलं नाही.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, लक्ष नसतं.
टीव्हीचा आवाज तो वाढवायचा, मी कमी करायचो.
एकदा डेपोबाहेर तो कबुतरांच्या मागे
थेट रस्त्याकडे निघाला.
मी हाक मारली. तीनदा.
चौथ्यांदा हात गेला,
कानाखालीच गेला.

काचेच्या खोलीत मोठे हेडफोन लावून बसवला,
आवाज आला की टोपलीत मणी टाक.
मणी मुठीत धरून तो बसून राहिला,
शहाण्यासारखा.
डॉक्टर शेंडकर बाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
पडदा, पडद्यामागे पाणी, डिंकासारखं घट्ट.
"विहिरीत बुडी मारून वरचं बोलणं ऐकावं
तसं ऐकतोय तो. वर्ष तरी झालं असेल."
मी मनात मागे मागे गेलो, कबुतरांपर्यंत.

दोन्ही कानांत नळ्या बसवायच्या.
केवढ्या? राळ्याच्या दाण्याएवढ्या.
आधी पडद्याला बारीक छेद.
ही घाबरली. मला तिकिटाचा चिमटा आठवला,
मशीन यायच्या आधीचा.
भोक पडल्याशिवाय तिकीट खरं नसायचं.
थोडं पतपेढीनं दिलं. उरलेल्यासाठी हिनं कानातली मोडली.
"कानाचं कानाला," म्हणाली, आणि हसली नाही.

वीस मिनिटांचं काम. मी खाली तीन चहा प्यालो.

रिक्षात, कर्वे रोडवर, त्यानं दोन्ही कान दाबून धरले.
वाटलं, दुखतंय.
म्हणाला, "सगळे भांडतायत."

घरी आल्यावर फ्रिजला विचारलं, का गुरगुरतोस?
चुरमुरे ताटलीत ओतायला लावले,
परत डब्यात, परत ताटलीत,
ही कंटाळेपर्यंत.
मी जेवायला हाक मारली तर दचकला.
"पप्पा, हळू. मी इथंच आहे."
तेव्हा कळलं, ड्यूटी संपल्यावरही
मी कधी गाडीतून उतरलोच नव्हतो.

आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस. पोहायला बंदी,
त्यावरून रोज रडारड.
नऊ महिन्यांनी एक नळी उशीच्या अभ्र्यावर सापडली,
मळात माखलेली. हिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली.
दुसरी अजून आत आहे.
स आला. सुरुवातीला नको तिथंही यायचा,
आता जागेवर बसलाय.

परवा रविवारी त्याला गाडीत घेतला.
माझ्या सीटशेजारी, खिडकीपाशी.
सुट्टे मोजता मोजता विचारलं,
"पप्पा, तेव्हा कबुतरांपाशी
तुम्ही काय ओरडत होता?"

गाडी पानमळ्याला उभी होती.
म्हटलं, तुझं नाव.

बेल मारायची राहून गेली.
ड्रायव्हर आरशातून बघत होता.